तिसऱ्या मापाचा भात

"वहिनी, एक सांगू? रागावणार असशील तर नाही सांगत," असं म्हणून नणंदेनं जे सांगितलं त्याचा मला राग आला नाही, हसू आलं. ती म्हणाली, "ठकू जेवताना ताटाकडे बघत नाही. तुझ्याकडे बघते." मी म्हटलं, "आईकडे बघणार नाही तर काय भिंतीकडे बघेल?" नणंद लोकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर अनोळखी माणसांच्या शेजारी, दोन पाय ब्रेकवर ठेवून बसायचं हा तिचा धंदा, त्यामुळे तिचं बोलणंही तसंच, मध्येच थांबवणारं. "माझ्याकडे शिकायला येतात ना, त्यातल्या काहींची नजर रस्त्यावर नसतेच बघ. माझ्या पायाकडे बघत गाडी चालवतात. बाईंनी ब्रेक दाबला म्हणजे समोर काहीतरी आलं असणार. दिसायला एकदम गुणी, एक चूक सापडायची नाही. मला खरी भीती त्यांची वाटते." मी म्हटलं, "अगं, पण ती जेवतेय ना? लोकांच्या पोरांमागे घास घेऊन धावावं लागतं." "जेवतेय ना," नणंद म्हणाली, "तेच तर." मग ती ठकूकडे वळली आणि तिच्या पोटात बोट खुपसून म्हणाली, "काय ठकूताई, कावळे ओरडतायत का पोटात?" ठकूनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "हो आत्या, खूप." आणि मी तिला आणखी वाढलं.

हसण्यावारी नेलं, कारण सांगणारी नणंद होती. तिचा भाऊ त्याआधीच शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेऊन राहायला गेला होता, "थोडे दिवस" असं म्हणून. थोडे म्हणजे किती हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. नणंद मात्र येत राहिली. भावानं घर सोडलं म्हणून मी घर सोडलेलं नाही, असं दारातच एकदा जाहीर करून टाकलं तिनं, आणि ठकूसाठी काहीबाही आणत राहिली. पण तिचं नाक त्याच्यासारखंच आहे, खोकण्याची ढबही तीच, आणि ती काही बोलली की मला वाटायचं, हे तिकडून आलंय. त्या टोकाच्या खोलीत बसून दोघांनी माझ्यातल्या उणिवा काढल्या असतील आणि हिनं त्यातली सगळ्यांत लहान निवडून आणली असेल. चालायचंच. मुलगी तर जेवत होती. सगळं घर हातातून निसटत असताना तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूनं साक्ष देत होती, रोज, दोन वेळा, लख्ख पुसलेल्या ताटानं.

मग एका साध्या दिवशी, ज्या दिवसाला लक्षात राहण्याचं काहीच कारण नव्हतं, तो प्रश्न आला. टेबलावर भात, उकडलेली अंडी आणि बटाटे-वाटाणे होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. माझा फोन वाजला, मी काम करते त्या दवाखान्यातून उद्याच्या वेळा सांगायला, आणि मी खिडकीपाशी जाऊन पाठमोरी बोलत राहिले. वळले तेव्हा ठकूचा चमचा ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला होता. अडकल्यासारखा नाही, ठेवल्यासारखा. तिच्या चेहऱ्यावर कसलाही हट्ट नव्हता. दुकानात बिलाची वाट बघणाऱ्या मोठ्या माणसाचा असतो तसा नम्र, रिकामा चेहरा. तिनं विचारलं, "आई, माझं पोट भरलं का?"

मी हसले. "मला काय माहीत? पोट तुझं." तिनं माझ्या हसण्याकडे नीट पाहिलं. मला दिसत होतं ती काय करतेय ते: ती त्या हसण्याचा अर्थ लावत होती, जसा आपण परक्या देशातल्या पाटीचा लावतो, ओळखीचं एखादं अक्षर शोधत. मग तिनं ठरवलं की हसणं म्हणजे नाही, अजून भरलं नाही. चमचा तोंडात गेला. दुसरा गेला. ताट संपलं. मी नेहमीसारखं "शाब्बास" म्हटलं, आणि म्हणतानाच त्या शब्दाला काहीतरी कडवट चव लागली, सफरचंदाचं बी चावल्यावर लागते तशी.

त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला नाही, हे खरं सांगायला हवं. आपण समजतो तशी झोप उडत नाही अशा गोष्टींनी. पण सकाळी दात घासताना आरशात मला माझंच तोंड दिसलं, उघडं, आणि आठवलं. ठकू दिवस भरायच्या आत जन्मली होती. हातात घेतली की मूल घेतल्यासारखं वाटायचं नाही, एखादा निरोप घेतल्यासारखं वाटायचं. तिला दूध ओढता येईना. चमच्यानं पाजायचं, पाजल्यावर वजन करायचं, आणि काट्यावरचा आकडा हलला की मी श्वास सोडायची. ती थोडी मोठी झाली, भरवायला लागले, तेव्हा तिच्याबरोबर माझंही तोंड उघडायचं. सगळ्याच आयांचं उघडतं. नवरा माझी नक्कल करायचा, "बघ, बघ, बदकिणीला भूक लागली," आणि आम्ही तिघं हसायचो, कारण तेव्हा आम्ही हसत होतो. तिनं घास घ्यायचा आणि मी गिळायचा. तिनं गिळला की माझ्या कपाळावरची आठी जायची, आणि ती जाताना तिला दिसायची, इतक्या जवळून, चमच्याच्या पलीकडे. तिनं आयुष्यात पाहिलेलं पहिलं ताट म्हणजे माझा चेहरा असणार. पोट तिला नंतर भेटलं असेल, किंवा भेटलंच नसेल.

आणि मग तो गेला. जाण्याआधीची जेवणं तर जेवणं नव्हतीच. भांडण नव्हतं आमचं, भांडायला माणसाला दुसऱ्याबद्दल आशा लागते. आम्ही मीठ मागायचो आणि मीठ द्यायचो. त्या शांततेत एकच जागा होती जिथं दोघांची नजर एकत्र यायची, ती म्हणजे ठकूचं ताट. "वा, संपवलं की!" तो म्हणायचा. "आज अंडंसुद्धा खाल्लं," मी म्हणायची. दोन वाक्यं. तेवढा वेळ घरात आईबाप असायचे. ती हे सगळं टिपत होती का? आता मला वाटतं, मुलं दुसरं काही करतच नाहीत. तो गेल्यावरही मी भात तेवढाच लावत राहिले. तांदळाच्या डब्यात एक जुना स्टीलचा पेला असतो आमच्या, तेच माप. माझं एक, त्याचं एक, आणि ठकूचं भरपूर धरून तिसरं. त्याची भूक दांडगी होती, म्हणून तिन्ही मापं शिगोशीग. मन काय ते समजलं होतं, हाताला कुणी कळवलं नव्हतं. रोज पेला तीनदा बुडायचा, रोज पातेल्याच्या तळाशी एक माणूस उरायचा. मी झाकण हातात धरून त्याच्याकडे बघत उभी राहायची. मग नळ पूर्ण सोडून भांडी घासायला घ्यायची. नळ मोठा सोडून भांडी घासायची सवय मला तेव्हाच लागली.

कधीतरी, केव्हा ते मला आठवत नाही, हे थांबलं. पातेलं रिकामं व्हायला लागलं. ठकू म्हणायची, "आई, अजून वाढ." मी वाढायची. "अजून." मला वाटलं, वाढीचं वय आहे. तिच्या फ्रॉकच्या कमरेचं इलॅस्टिक अंगावर लाल वळ उठवायला लागलं तेव्हा मी नवे फ्रॉक आणले. शाळेत बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी फार गुणी हो, कुणाचा डबा वाया जाऊ देत नाही. बाकीच्या पोरी आपलं उरलंसुरलं आणून हिच्या डब्यात टाकतात, ही मुकाट्यानं संपवते." बाईंना ते गोड वाटत होतं. मला थोडी लाज वाटली, घरी हिला पुरेसं मिळत नाही असं कुणाला वाटेल म्हणून. लाज वाटायला मला दुसरं काही सुचलं नाही. सकाळी शाळेत निघताना तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, विचारलं, "जेवते ना नीट?" म्हटलं, जेवते की, उत्तम. "मग हिचा काही त्रास नाही." हे वाक्य ठकूबद्दल मी इतक्या लोकांकडून ऐकलं आहे की ते तिचं आडनाव झाल्यासारखं वाटतं. पाहुणे, शेजारी, बाई, सगळे. हिचा काही त्रास नाही. झोपते कधी कळत नाही, रडते कधी ऐकू येत नाही, दिलं ते खाते.

माझं काम ऐकण्याचं आहे. म्हणजे, लोकांना किती ऐकू येतं ते तपासण्याचं. आमच्याकडे एक छोटी खोली आहे, जाड दाराची, भिंतींना स्पंज लावलेली, आत शिरलं की स्वतःच्या मानेतली हाडंसुद्धा वाजल्यासारखी वाटतात. तपासायचं माणूस आत बसतं, कानावर हेडफोन आणि हातात बटण. मी काचेच्या बाहेर, यंत्रापुढे. मी बारीक आवाज सोडायचा, त्यानं ऐकू आला की बटण दाबायचं. मग आणखी बारीक. आणखी. शेवटी अशी एक जागा येते की तिथून पुढे त्या माणसाला जग नाही. ती जागा शोधून कागदावर मांडायची, एवढंच काम. सोपं वाटतं. मोठी माणसं तपासायला सोपी असतातही, ती फार तर खोटं बोलतात. पण मुलं तपासायची म्हणजे वेगळी गोष्ट. मी नवी असताना आमच्या मोठ्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चेहरा दगडाचा ठेवायला शीक. भुवई उचलायची नाही, मान हलवायची नाही. आवाज सोडताना तुझा हात त्याला दिसता कामा नये. मुलाला आवाज ऐकू आला नाही ना, की ते तुझा चेहरा ऐकतं. आणि मधूनमधून नुसतीच शांतता सोड. शांततेतही बटण दाबलं, तर समज की ते मूल तुझी परीक्षा देतंय, कानाची नाही." हे मी वहीत लिहून घेतलं नाही, मला ते पाठच झालं. पुढे मीच ते नव्या मुलींना सांगायला लागले, तशाच आवाजात, भुवई न हलवता.

तर त्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे एक मुलगी आली, ठकूच्याच वयाची, घट्ट वेण्या घातलेली, बुटांचे बंद दुहेरी गाठीचे. आई बरोबर होती. "शाळेतून सांगितलं म्हणून आणलंय हो, नाहीतर हिचा काही त्रास नाही," आई म्हणाली. मी मुलीला खोलीत बसवलं. ती भराभर बटण दाबत गेली, प्रत्येक आवाजाला, अगदी बारीक आवाजालासुद्धा, आणि दर वेळी काचेतून माझ्याकडे बघायची. मी शांतता सोडली. काहीच नाही. यंत्रावर माझा हात नुसता ठेवलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. मी आणखी थांबले. पुन्हा दाबलं. मी दार उघडून आत गेले, तिच्या कानावरचे हेडफोन काढले आणि गुडघ्यांवर बसले. "आवाज आला होता का गं आत्ता?" तिनं मान हलवली, नाही. "मग बटण का दाबलंस?" ती बुटांकडे बघत म्हणाली, "तुम्ही वाट बघत होतात."

मी तिची खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. पुन्हा सगळं पहिल्यापासून घेतलं. आता तिचा अंगठा कितीतरी वेळ उचललाच जात नव्हता. तिची मान स्पंजाकडे रोखलेली, वेण्या स्थिर, आणि माझ्या पुढच्या कागदावर डाव्या कानाची रेघ खाली उतरत गेली, खाली, जिना उतरावा तशी. मुलगी कितीतरी दिवस अर्ध्या जगात राहत होती आणि उरलेलं अर्धं आमच्या चेहऱ्यांवरून वाचून काढत होती. तिच्या आईला मी ते सांगितलं तेव्हा त्या बाई रडल्या नाहीत, नुसत्या म्हणत राहिल्या, "पण तिनं कधी चूकच केली नाही हो. हाक मारली की ओ द्यायची." मी त्यांना पुढची तपासणी समजावून सांगितली, पाणी दिलं. माझा चेहरा दगडाचा होता. मात्र टेबलाखाली मी दोन्ही पाय फरशीवर घट्ट दाबून धरले होते, आणि मला सारखी नणंद आठवत होती, दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून बसलेली.

संध्याकाळी घरी येताना मी खुर्चीबद्दलच विचार करत होते. फक्त खुर्ची. मोठ्या गोष्टींचा विचार करता येत नसला की माणूस सामानाचा विचार करतं. पेला तीनदा बुडाला, मी बुडताना पाहिला, तरी बुडू दिला. भात, सूप, पाव, सफरचंदाच्या फोडी, सगळं मी टेबलाच्या मध्ये मांडलं. ताट रिकामंच तिच्यापुढे ठेवलं. माझी खुर्ची उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "हे काय?" ठकू म्हणाली. "खेळ," मी म्हटलं, "आज माझी पाठ तुझ्याकडे. तू तुझं तुझं वाढून घ्यायचं, हवं तेवढं, हवं ते." "किती?" "ते तुला कळेल." "मला कसं कळेल?"

भिंतीवर आमच्या एक तडा आहे, रंगाखाली दबलेला, उजेड तिरपा पडला की दिसतो. मी तो बघत राहिले आणि मागचं ऐकत राहिले. ऐकणं हाच माझा धंदा, पण त्या वेळी जसं ऐकलं तसं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. वाढायचा चमचा पातेल्याला लागला. थांबला. पुन्हा पातेल्याला लागला आणि परत ठेवला गेला. खुर्ची करकरली. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तिचा टूं-टूं आवाज येत राहिला आणि बंद झाला. मग काहीच नाही. मी किती वेळा शांतता सोडली असेल इतरांच्या मुलांवर, ती आतून अशी असते हे मला ठाऊक नव्हतं.

"आई, तू दिसत नाहीयेस."

"इथंच आहे मी. हाताच्या अंतरावर."

"चेहरा दिसत नाहीये."

"चेहऱ्याचं काय काम आहे जेवायला? भूक पोटात असते. बघ बरं, आत्या म्हणते तसे कावळे ओरडतायत का?"

तिची खुर्ची पुन्हा करकरली. मग म्हणाली, "मला कावळे ऐकूच येत नाहीत. कधीच नाही येत. आत्याला मी खोटं सांगितलं." तिचा आवाज रडका नव्हता, चोरी कबूल करणाऱ्याचा होता. "आत्याला सांगशील?"

"नाही सांगणार. पण मग तू एवढं जेवतेस ते कसं? केव्हा थांबायचं हे कसं कळतं तुला?"

"पातेलं संपलं की."

"आणि पातेलं संपलंच नाही तर?"

"संपवायचं."

"का पण?"

तिनं चमचा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आणि मग अगदी सहज, शाळेतला एखादा नियम सांगावा तसं ती म्हणाली, "उरलं की तू नळ सोडतेस."

कोणता आवाज कोणत्या आवाजाला झाकतो, हे मी शिकलेली आहे. त्यावर मी परीक्षेत उत्तरं लिहिलीत आणि त्यावर माझं घर चालतं. एका कानात खळखळाट सोडून दुसरा कान तपासायचा असतो, तेव्हा तो खळखळाट किती हवा, कुठल्या पट्टीचा हवा, हे मी रोज ठरवते. जरा कमी पडला तर खालचा आवाज पाझरून वर येतो, हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि तीच मी रोज संध्याकाळी मोरीपाशी उभी राहून, नळाच्या धारेखाली माझा हुंदका झाकला जातो असं धरून चालले होते. अडाणी बाईलाही कळलं असतं की भिंतीपलीकडे ऐकू जातंय. शिकलेल्या बाईनं मोजमाप न करता विश्वास ठेवला. ठकू पलीकडे बसून ऐकत होती. पाणी आणि पाण्याखालचं, दोन्ही वेगवेगळं. आणि तिनं तिच्यापरीनं शोध लावला होता की हे सगळं भातामुळे होतं. बाबांचा भात उरतो, उरला की नळ सुटतो, नळ सुटला की आई पाण्याआड जाते. उपाय सोपा होता. एका लहान पोटाला जमण्यासारखा.

"आणि शाळेत?" मी भिंतीला विचारलं. "पोरींचं कशाला खातेस?"

"त्यांचं पण उरतं ना. घरी नेलं तर त्यांच्या आया पण नळ सोडतील."

मी वळले. दगडाचा चेहरा मला आणता आला नाही, आणला असता तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिच्यादेखत रडले, नळ बंद असताना, टेबलापाशी बसून, नाक गळेपर्यंत. आणि ठकूनं काय केलं, तर तिचा हात वाढायच्या चमच्याकडे गेला. घाईघाईनं, सवयीनं, आग दिसल्यावर पाण्याची बादली उचलावी तसा. भाताचा एवढा मोठा ढीग तिनं ताटात घेतला आणि तोंडाशी न्यायला लागली, माझ्याकडे बघत, डोळे मोठे करून. मी तिचं मनगट धरलं. बारीक मनगट. ती गुटगुटीत झाली असं सगळे म्हणत होते, पण मनगट अजून त्याच पहिल्या दिवसांतलं होतं. "नको, ठकू. हे रडणं भाताचं नाही. भातानं नाही थांबणार."

"मग कशानं थांबेल?"

"आपोआप."

"कशावरून?"

"बघत राहा."

तिनं खरंच पाहिलं. चमचा खाली ठेवून, हनुवटी टेबलावर टेकवून, ती माझं रडणं बघत राहिली, जसं कुणी भांड्यातलं पाणी उकळून शांत होताना बघतं. आणि ते थांबलं. कुणी काही न खाता थांबलं. तिच्या कपाळावर एक आठी उमटली, माझ्यासारखीच, समजून घेताना पडते ती, आणि मला पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असं दिसलं जे माझ्यासाठी केलेलं नव्हतं. मी तिला जवळ ओढलं, फ्रॉकवरूनच तिच्या पोटाला कान लावला. आत सगळं चाललेलं होतं. गुडगुड, थेंब, लांबून कुणीतरी जिना चढत असल्यासारखं काहीतरी. "काय ऐकू येतंय?" ती कुजबुजली. "खूप काही," मी म्हटलं, "सगळे जागे आहेत." "मला पण ऐकायचंय." स्वतःच्या पोटाला स्वतःचा कान लावता येत नाही. तिनं वाकून पाहिलं, पुन्हा वाकली, मग कंटाळून हात ठेवला पोटावर आणि तशीच बसून राहिली. त्या संध्याकाळी ती सफरचंदाची एक फोड खाऊन उठली. ताटातला ढीग परत पातेल्यात गेला आणि भात तसाच राहिला, झाकण ठेवून. मी तो काढला नाही, टाकलाही नाही. आम्ही दोघी त्याच्या शेजारून ये-जा करत राहिलो, झोपलेल्या पाहुण्याच्या शेजारून करावी तशी.

थोड्या वेळानं नणंदेला फोन केला. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत नव्हते? फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता, तिच्या भावासारखाच. मग म्हणाली, "वहिनी, तू काय खाल्लंस?" मला आठवेना. आजचं सोडा, पण काल, परवाही मी ताट घेऊन बसले होते असं एकही चित्र डोळ्यांपुढे येईना. उभ्यानं काहीतरी, पावाची कड, ठकूच्या अंड्याचं पिवळं. तीन मापं लावून मी स्वतः एकाही मापाचं जेवले नव्हते, आणि त्या घरात हे फक्त एका जीवाच्या लक्षात आलं असणार. "येते मी," नणंद म्हणाली. "भात ठेव तसाच. माझे कावळे तर काय, बारा महिने ओरडतात." ती आली, उरलेला गार भात घेऊन बसली, अर्धा मला वाढला, आणि ठकूला म्हणाली, "ठकूताई, तुम्ही आज सुट्टीवर. तुमच्या आईचं पोट हे आता माझं खातं." ठकू हसली, आधी आत्याकडे बघून. मग माझ्याकडे पाहिलं. सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या एका बाईंकडे आम्ही जातो आता. त्या ठकूशी खेळतात आणि मला बाहेर बसवतात. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, वेळ लागेल, आणि मी विचारलं नाही किती, पण या वेळी न विचारण्याचं कारण वेगळं होतं. पेला आता दोनदाच बुडतो. पहिल्यांदा तिसरं माप हातातून परत डब्यात ओतलं तेव्हा तांदळाचा जो आवाज झाला, तो कुठल्याही यंत्रावर मोजता येण्यासारखा होता. काही दिवशी ठकू काहीच खात नाही, आणि ते काट्यावरच्या आकड्याचे दिवस परत येतात, आणि मी खिडकीबाहेर बघत बसते, चेहरा सांभाळत. काही दिवशी ती पातेल्याकडे जाते आणि झाकण उचलून आत बघून परत येते. परवा तिनं ताटात चार वाटाणे उरवले. मुद्दाम. ओळीत लावून. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "असू देत?" मी म्हटलं, असू देत. इतकं अवघड काम मी माझ्या नोकरीत कधी केलेलं नाही. त्या वेण्यावाल्या मुलीच्या कानाला यंत्र बसलं. परत आली होती दाखवायला. माझ्याकडे पाठ करून बसली, आणि मी शांतता सोडली तेव्हा तिचा अंगठा हलला नाही. कितीतरी वेळ हलला नाही. मला काचेमागे उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तुमच्याही माहितीत एखादी असेल. नात्यात, शेजारच्या दारात, तुमच्या मुलाच्या वर्गात. सगळे जिचं कौतुक करतात, दिलं ते खाते, मागितलं तर हसते, हिचा काही त्रास नाही म्हणतात. आज जेवणाच्या वेळेला, काहीतरी निमित्त काढून, जरा तिच्याकडे डोकावून या. ताट बघू नका, ते स्वच्छच असेल. ती घास घेताना कुणाकडे बघते तेवढं बघा, आणि तिच्याशेजारी थोडा वेळ नुसते बसा, चेहऱ्यावर काही न मागता. आणि आतून नळाचा आवाज येत असेल, भांडी घासायला लागतो त्याहून जास्त वेळ येत असेल, तर आधी तिकडे जा. नळ बंद करा आणि तिच्या आईला विचारा, ती स्वतः जेवली का.